नीराबाईचं माप

होळी पेटून विझली की माझं नाक माझं राहायचं नाही. तेव्हापासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत आमच्या अंगणात मिरच्या, परसात मिरच्या, पडवीत धणे आणि चुलीवर सतत काहीतरी भाजत पडलेलं असायचं. मी अंगणाबाहेर उंडीच्या झाडाखाली खाट टाकून बसायचो, तरी दिवसाला शंभरेक शिंका ठरलेल्या. माझी बायको रंगू म्हणायची की मसाल्याचे दिवस आले हे गावाला सांगायला वेगळी दवंडी नको, आमचा माणूस शिंकला म्हणजे झालं.

मी शिवदास. रेवस बंदराच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर मी नऊ वर्षं खलाशी होतो. एका सकाळी लाँच आणि धक्का यांच्यामध्ये माझा डावा पाय सापडला आणि खलाशीपण तिथेच संपलं. पुढे काय, हा प्रश्न मला पडायच्या आधी माझ्या वहिनीने सोडवून टाकला. ती म्हणाली, तुला चार इयत्ता वाचता येतं ना, मग बस माझ्या अंगणात आणि डब्यांवर नावं लिही.

वहिनी म्हणजे ठमाबाई. माझा थोरला भाऊ अंबाजी होडीसकट समुद्रात गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही, सासरा-सासू नाहीत, होडीही नाही. बाराव्या दिवसानंतर तिने परसातलं दगडी उखळ अंगणात ओढून आणलं आणि लोकांचे मसाले कुटायला घेतले. आमच्या वाड्यातले निम्मे पुरुष तेव्हा मुंबईच्या गिरण्यांमध्ये होते. दहा-दहा जण एका खोलीत राहायचे, आळीपाळीने रांधायचे, आणि प्रत्येकाला कालवण मात्र आपल्या घरचंच हवं असायचं. मग घरोघरचा वर्षाचा मसाला आमच्या अंगणात तयार व्हायचा आणि पत्र्याच्या डब्यांत भरून लाँचने मुंबईला जायचा. दयाराम नावाचा माझा जुना सोबती अजून लाँचवर होता. तो डबे भाऊच्या धक्क्यावर उतरवून द्यायचा. मी प्रत्येक डब्यावर नाव, गिरणी आणि चाळ लिहायचो.

हा धंदा चालायचा तो वहिनीच्या डोक्यावर. मसाला म्हणजे नुसती मिरची नाही. कुणाला धणे जास्त लागतात, कुणाला मिरी चालत नाही, कुणाच्या घरी बाद्यान घातलं की आजोबा ताट लोटून देतात. चाळीस घरांची चाळीस मापं वहिनीला तोंडपाठ होती, आणि सगळी मुठीत आणि चिमटीत. सून लग्न होऊन आली की सासूच्याच मापाने चालायची. सासू गेली, किंवा तिने आपणहून कारभार सोडला, की सून नारळ-सुपारी घेऊन वहिनीकडे यायची आणि आपलं माप सांगायची. एकदाच सांगायचं. वहिनीने पुन्हा विचारायचं नाही, असा तिचा स्वतःचाच कायदा. दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर कुटणारीने मुसळ खाली ठेवावं, असं ती म्हणायची.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, सगळी मापं वहीत लिहून ठेवू, उद्या विसरलीस तर? तेव्हा ती भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, अक्षराला वास येतो काय?" मी वही गुंडाळून ठेवली.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. चाळीस घरांची मापं सांभाळणाऱ्या आमच्या घराला स्वतःचं माप नव्हतं. उखळाच्या तळाला, चाळणीच्या काठाला, परातीच्या कडेला जे चिकटून राहील ते वहिनी खरवडून एका बरणीत टाकायची. तीच आमची बरणी. सोमवारी एका घरचं कालवण, मंगळवारी दुसऱ्याचं, बुधवारी तीन घरांचं भांडण. मी कुरकुर केली की वहिनी म्हणायची, एकट्या बाईच्या घराला कसलं आलंय माप. आम्ही नवरा-बायको तिच्याच घरात राहत होतो, पण तिच्या मनातून ती एकटीच होती. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

त्या चाळीस मापांमध्ये पहिलं माप नीराबाईचं. नीराबाई आणि वहिनी एकाच वैशाखात लग्न होऊन या वाड्यात आल्या, एकाच विहिरीवर पाण्याला गेल्या. अंबाजी गेला आणि वहिनीने उखळ बाहेर काढलं तेव्हा पहिले आठ दिवस कुणी फिरकलं नाही. विधवा बाईच्या हातचा मसाला नेऊन मुंबईच्या माणसाला धाडायला बायका बिचकत होत्या. नवव्या दिवशी नीराबाई मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन आली. तिचा त्या वर्षीचा मसाला घरी कुटून झालेला होता, हे साऱ्या वाड्याला ठाऊक होतं. तरी आली, दुसरं मुसळ उचललं आणि वहिनीच्या समोर उभी राहिली. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या.

पुढे वीस वर्षं रोजच्या कुटण्याला कुणी ना कुणी बाई दुसऱ्या मुसळावर असायची. माझं लग्न झाल्यावर ती जागा रंगूने घेतली. पण नीराबाईच्या घरचा मसाला असला की दुसरं मुसळ नीराबाईचं. दोन मुसळं एका उखळात आळीपाळीने पडायची. एकीचा ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटून बोटं जायची. त्या दोघी मात्र मान वळवून एकमेकींशी बोलत, हसत, गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत कुटायच्या आणि कधी ताल चुकला नाही. नीराबाईच्या मापात भाजलेल्या मेथीची एक मूठ जास्त असायची आणि दगडफूल भरपूर. कधीमधी ती वाटीभर कालवण आमच्याकडे धाडायची. शेवटी जिभेवर कडवट लागायचं. मी वाटी हळूच रंगूकडे सरकवायचो.

नीराबाई छप्पन सालच्या श्रावणात गेली. दोन वर्षं अंथरुणावर होती. तिचा मुलगा तुकाराम परळच्या गिरणीत, सून कोकिळा इथे. कोकिळेने सासूचं सगळं केलं, आणि नाक न मुरडता केलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणी तिला वाईट म्हणेल तर मला चालणार नाही.

सत्तावन्नच्या चैत्रात कोकिळा नारळ-सुपारी घेऊन आली. वहिनीच्या पुढ्यात बसली आणि आपलं माप सांगितलं. तिच्या माहेरी, काशीदला, तिची आई करायची तसं. मेथी अजिबात नाही, दगडफूल निम्मं, खसखस मूठभर. सात वर्षांत त्या घरात चूल कुठे असावी, हंडा कुठे असावा, भाकरी केवढी थापावी, यातलं काहीच तिने ठरवलं नव्हतं. वहिनीने नारळ ओटीत घेतला आणि म्हणाली, कळलं.

दोन दिवसांनी कोकिळा सामान घेऊन आली. ज्या घरचा मसाला त्या घरच्या बाईने भाजताना जवळ बसायचं, अशी रीत. ती बसलीही. पण तासाभरात आभाळ भरून आलं आणि तिने घरापुढे जवळा वाळत घातला होता. ती तशीच पदर खोचून पळाली. पाऊस पडला नाही, पण जवळा गोळा करून, झाकून, पोरांना जेवू घालून ती परतली तेव्हा कुटून, चाळून, हिंगाचे खडे घालून दोन डबे तयार होते. एक तुकारामाचा, एक घरचा. मी तुकारामाच्या डब्यावर नाव घातलं, दयारामने तो नेला. घरचा डबा कोकिळेने शिंक्यावर ठेवला, कारण तिच्या बरणीत मागच्या सालचा मसाला अजून उरला होता.

त्या दिवशी भाजताना वहिनी काहीतरी पुटपुटत होती एवढं मला आठवतं. ती भाजताना नेहमीच पुटपुटते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पंधरा दिवसांनी तुकारामाचं कार्ड आलं. वाड्यातली पत्रं पोस्टमन माझ्याच खाटेवर टाकून जायचा आणि बायका ऐकायला येऊन बसायच्या. मला वाचायची एक खोड आहे. गोड वाक्य आलं की मी सावकाश, सुरात वाचतो. ऐकणारीचा चेहरा फुललेला बघायला मला आवडतं. त्या दिवशी कोकिळेबरोबर आणखी चार जणी होत्या, वहिनी आणि रंगू उखळाशी होत्या. मी घसा साफ करून वाचलं.

"मसाला पोचला. डबा उघडला आणि खोलीभर आईचा वास आला. जेवताना डोळ्याला पाणी आले. तुझा हात आता अगदी आईसारखा बसला."

शेवटचं वाक्य तर मी दोनदा वाचलं. बाकीच्या बायकांनी कौतुकाने कोकिळेकडे पाहिलं. तिचा चेहरा फुलला नाही. तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, जणू वाचताच येतंय असं त्याच्याकडे बघितलं आणि उठून घरी गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या काखेत शिंक्यावरचा डबा होता. झाकण उघडंच होतं.

ती ओरडली नाही. वहिनीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, तुझी मेथी कुठं असते?"

वहिनी चाळत होती. तिने वर बघितलं नाही. तिचा डावा हात आपसूक मागे गेला आणि फडताळातल्या तिसऱ्या डब्यावर पडला. कुणाचं सामान कमी पडलं तर असावं म्हणून तिथे तिचे स्वतःचे डबे असायचे. हात तिथे पडला आणि तिथेच राहिला. मग वहिनीने कोकिळेच्या डब्यातला मसाला चिमटीत घेऊन जिभेवर ठेवला. मी तिला अंबाजी गेल्याच्या बातमीने पांढरी पडलेली पाहिली होती. त्यानंतर थेट त्या दिवशी.

कोकिळेचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. "सात वरसा त्या घरात मी मेथी खाल्ली. एक सबूद बोलले न्हाय. सासूचा सगला केला, त्याचा काय न्हाय, ती माझीच होती. पन आता तरी माझ्या हातचा माझ्या दादल्याच्या पोटात जाऊ दे का न्हाय? जित्या सासूशी भांडता येतं, काकी. मेलेल्या बाईशी मी कशी भांडू?"

रंगू म्हणाली की चूक झाली असेल, पुन्हा कुटून देऊ. कोकिळेने डबा उखळाच्या काठावर ठेवला.

"फुडल्या सालापासून मी अलिबागला डंकावर जाईन," ती म्हणाली. "डंकाला कोनाची आठवन येत न्हाय."

अलिबागेत त्या वर्षी नवा डंक आला होता. इंजिनावर चालायचा, लोखंडी मुसळं आपोआप वर-खाली व्हायची. आम्ही त्याला हसायचो, कारण यष्टीने मिरच्या घेऊन अलिबागला जाणार कोण? आता कळलं कोण जाणार ते. चार बायकांनी ऐकलेली गोष्ट कोळीवाड्यात किती वेळ टिकते? संध्याकाळपर्यंत प्रत्येक सून आपापल्या डब्यात बोट घालून चाखत होती आणि प्रत्येकीला आपल्या सासूची चव लागत होती. खरी लागत होती की संशयाने, देव जाणे. ज्यांचा मसाला अजून व्हायचा होता अशी अठरा घरं होती. त्यातल्या अकरा घरांच्या मिरच्या त्या आठवड्यात यष्टीच्या टपावर चढल्या. एक जण तर आमच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उचलून घेऊन गेली.

मी चिडलो. वीस वर्षांत एक चूक, आणि तीही मूठभर मेथीची. मी खाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना टोमणे मारायला लागलो, तेव्हा वहिनीने मला गप्प केलं. तीन दिवस तिने चूल पेटवली नाही. उखळात कोंबडी जाऊन बसली, तिलाही तिने हाकललं नाही. मला शिंक येईना आणि ते मला शिंका येण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या खाटेशी येऊन बसली. खूप वेळ मिरच्यांची देठं खुडत राहिली, मिरच्या नसताना. म्हणजे नुसती बोटं. मग म्हणाली की त्या दिवशी कोकिळा पळाली, आभाळ दाटलं, आणि तिला वाटलं की समोर नीरा बसली आहे. दरसाल बसायची तशी. ती नीराशी बोलत होती. बोलता बोलता हात गेला.

"भावजी, ती गेली तवा मना रडाया जागा न्हवती," वहिनी म्हणाली. "सगल्या तिच्या घरात रडल्या. सून रडली, नणंद रडली. मी तिची कोन? ना भन, ना जाऊ. मी दारातून परत आले."

माझा हात तिच्या डोक्यावर ठेवावा असं फार वाटलं, पण मी धाकटा दीर, ती आईच्या जागी. मी म्हटलं, मग आता काय करायचं? आपण तुकारामला कळवायचं का? गप्प राहिलो तर त्याचा आनंद टिकेल. तिने मान हलवली. पोराचा आनंद टिकेल, म्हणाली, पण तो कोकिळेच्या पानातून उचलून दिलेला.

दुसऱ्या सकाळी वहिनीने नारळ आणि सुपारी घेतली आणि ती कोकिळेच्या दारात गेली. आमच्या वाड्यात असं कधी झालं नव्हतं. नारळ घेऊन सून यायची, कुटणारी जायची नाही. मी लंगडत मागोमाग गेलो. दारातच उभं राहून वहिनी म्हणाली, तुझं माप मला पुन्हा सांग. शेजारच्या घरांतून माना बाहेर आल्या. स्वतःच्या कायद्याप्रमाणे त्या क्षणी तिने मुसळ खाली ठेवलं होतं आणि हे सगळ्यांना कळत होतं.

कोकिळेने नारळ घेतला नाही. पण दारही लावलं नाही. वहिनी म्हणाली, "मिरच्या मी आनल्यात. भाजायला तू बस. माझ्या हाताचा भरोसा न्हाय."

कोकिळा दुपारी आली. वहिनीने आपला पाट तिच्यासाठी चुलीपुढे सरकवला. त्या पाटावर रंगूही कधी बसली नव्हती, मी चुकून टेकलो तर वहिनी पळी उगारायची. मग ती चुलीकडे पाठ करून उखळाशी उभी राहिली, मुसळ हातात घेऊन, आणि भाजून होईपर्यंत एकदाही वळली नाही. कोकिळेने धणे भाजले, मिरी भाजली, खसखस घेतली, दगडफूल निम्मं. तिचा हात सराईत नव्हता. दालचिनी थोडी करपली. वहिनीच्या नाकाला ते कळलं असणारच, तिची मान ताठ झाली, पण ती बोलली नाही.

कुटायला रंगू उठली, तर कोकिळेने तिच्या हातातून दुसरं मुसळ घेतलं. पहिल्यांदा ताल जमेना. दोनदा मुसळावर मुसळ आपटलं. मग वहिनीने आपला वेग कमी केला, आणि जमलं. मिरचीचा खकाणा उडत होता म्हणून डोळ्यांतून पाणी येत होतं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. दोघी रडत होत्या. मी पाहिलं, आणि मीही रडत होतो.

डबा भरल्यावर वहिनीने मला कार्ड लिहायला सांगितलं. मी लिहिलं ते तिचंच बोलणं: आधीचा डबा तुझ्या आईच्या मापाचा, चूक माझी, कोकिळेची नाही. हा डबा कोकिळेच्या हातचा. दोन्ही वेगळे ठेव. खाली मी "ठमाबाई" असं लिहिलं आणि तिने अंगठा उमटवला. अंगठ्याला मसाला लागलेला होता, त्यामुळे कार्डावर लाल डाग पडला.

दयारामने डबा नेला. नंतरचे दहा दिवस कोकिळा रोज पोस्टमनच्या वेळेला काही ना काही निमित्त काढून उंडीखालून जायची. मी बघितलं नाही असं दाखवायचो. वहिनी तर परसातून बाहेरच यायची नाही. तुकारामाने लिहिलं असतं की आईचाच बरा होता, तर काय झालं असतं हे मला माहीत होतं. कोकिळा त्या घरात आयुष्यभर पाहुणी राहिली असती आणि आमचं उखळ कोंबडीचं झालं असतं.

कार्ड आलं. या वेळी मी सूर लावला नाही, भाताचा हिशोब वाचावा तसं सरळ वाचलं.

"दोन्ही डबे वेगळे ठेवले. तुझा मसाला पहिल्या दिवशी फिका वाटला. तिसऱ्या दिवशी मी भात दुसऱ्यांदा घेतला. खोलीतले विचारतात मसाला कुठला, मी सांगितले बायकोचा. आईचा डबा सणाला काढीन, संपला की संपला. तुझा दर साल पाठव."

कोकिळेने माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी "बायकोचा" या शब्दाला ती हसली, आणि मग पदर तोंडाला लावून घाईघाईने निघून गेली. वहिनी परसाच्या दारात उभी होती. तिने चूल पेटवली आणि मला सात शिंका आल्या.

त्या वर्षी गेलेली अकरा घरं परत आली नाहीत, त्यांचा मसाला होऊन गेला होता. पण पुढल्या शिमग्यात बहुतेक आली. यष्टीचा त्रास होताच, शिवाय डंकावर मिरच्या आणि भाजका मसाला टाकून रांगेत उभं राहायचं, जवळ बसायला जागा नाही, बोलायला कुणी नाही. आणि आमच्याकडे आता नवी रीत होती. जिचा मसाला तिने स्वतः वहिनीच्या पाटावर बसून भाजायचं, वहिनीने फक्त कुटायचं. अर्धं काम बायकाच करतात आणि कुटणावळ तेवढीच, असं मी रंगूच्या कानात म्हटलं. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

अठ्ठावन्नच्या चैत्रात कोकिळा आली ती दोन गाठोडी घेऊन. मोठं गाठोडं तिच्या घरचं. ते तिने भाजलं, वहिनीबरोबर कुटलं, डबे भरले. मग तिने लहान गाठोडं सोडलं. दोन शेर मिरच्या, धणे, भरपूर दगडफूल, आणि एका पुडीत मेथी. त्यावर नारळ आणि सुपारी. मला वाटलं, नीराबाईच्या श्राद्धासाठी असेल.

तिने ते सगळं वहिनीच्या ओटीत घातलं. म्हणाली, "काकी, तुमच्या घराला माप न्हाय. आमच्या घरात आता माझा हाय. हा सासूचा, तो तुझ्याकडं राहू दे. तुझ्याबिगर कोनाला येत पन न्हाय."

वहिनी ओटी तशीच धरून बसली. कोकिळेने तिला हाताला धरून उठवलं, तिच्याच पाटावर बसवलं आणि मेथीची पुडी हातात दिली. वर्षभरानंतर वहिनी चुलीपुढे बसली. मेथी भाजताना तिने भरून मूठ घेतली, आणि वर आणखी चिमूटभर. पुटपुटत होती. या वेळी मी कान दिला. ती नीराबाईला सांगत होती की तुझी सून दालचिनी अजून करपवते.

दुपारी रंगूने त्या मसाल्यात बोंबलाचं कालवण केलं. खरवडीची बरणी तिने आधीच धुऊन उन्हात पालथी घातली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. वहिनीने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आली बाय." एवढंच. मग ती नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवली.

तेव्हापासून आमच्या घराला माप आहे. सोमवारी तेच, मंगळवारी तेच, बुधवारी तेच. शेवटी जिभेवर कडवट लागतं. मेथी मला तेव्हाही आवडत नव्हती आणि आताही आवडत नाही. वहिनी रोज विचारते, कसं झालंय कालवण, आणि मी रोज वाटी पुढे करून म्हणतो, अजून घाल.